वाट पायी चालणाऱ्यांची, धूर गाड्यांचा

अठरा मीटर रुंद रस्ता आहे, मधे दुभाजक नाही. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागतो आणि पलीकडे पोचायला पंधरा सेकंद मिळतात. हे पंधरा सेकंद कुठून आले? माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असं रस्ते आखणारे वर्षानुवर्षं गृहीत धरत आले आहेत. १८ भागिले १.२, झाले १५.

आता पंचाहत्तरीच्या एका आजींना त्या कडेला उभं करा. एका हातात औषधांची पिशवी, दुसरा हात गुडघ्यावर. इंग्लंडमधल्या ६५ वर्षांवरच्या लोकांचा २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बायकांचा सरासरी चालण्याचा वेग निघाला सेकंदाला ०.८ मीटर आणि पुरुषांचा ०.९. या हिशेबाने पंधरा सेकंदांत आजी बारा मीटर जातात. उरतात सहा मीटर, म्हणजे गाड्यांच्या दोन रांगा. दिवा बदललेला आहे, गाड्यांनी वेग घेतला आहे आणि आजी अजून रस्त्यातच आहेत.

म्हाताऱ्या माणसांनी बाहेर पडताना सांभाळून पडावं, असं आपण सहज म्हणून जातो. पण चूक आजींच्या गुडघ्यांची नाही, ती गणितात आहे. ते गणित कोणीतरी बसून मांडलं आणि मांडताना डोळ्यांपुढे एक धडधाकट, मोकळ्या हातांचा, घाईत असलेला माणूस ठेवला. अमेरिकेने २००९ मध्ये आपल्या नियमांत हा वेग १.०७ मीटरपर्यंत खाली आणला. तेवढ्यानेही आजी वेळेत पलीकडे पोचत नाहीत.

मला या लेखात जे सांगायचं आहे ते या सहा मीटरांतच आहे. एखादी वस्ती पायी चालण्याजोगी आहे की नाही हा प्रश्न दिसतो फरशा, झाडं आणि सिग्नल यांचा. प्रत्यक्षात तो न्यायाचा प्रश्न आहे. ज्यांना सगळ्यात जास्त चालावं लागतं, त्यांच्या वाट्याला चालायला सगळ्यात वाईट जागा का येते? आणि ज्यांच्याकडे गाडी नाही, त्यांनीच गाडीचा धूर सर्वात जास्त का गिळायचा?

चालण्याजोगं म्हणजे काय

नगररचनेत वस्तीची ‘चालण्याजोगी’ म्हणून परीक्षा घेताना साधारण चार गोष्टी पाहतात. रोजची कामं पायी पोचता येतील इतक्या अंतरावर आहेत का. घरं, शाळा, दुकानं, दवाखाना एकमेकांत मिसळलेले आहेत की घरं एकीकडे आणि बाकी सगळं पाच किलोमीटरवर आहे. गल्ल्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का. आणि चौथं म्हणजे त्या वाटेने चालणं सुरक्षित आणि सुसह्य आहे का.

तिसऱ्या गोष्टीकडे लोकांचं फारसं लक्ष जात नाही. घराच्या खिडकीतून शाळा दिसते, सरळ रेषेत अंतर चारशे मीटर. पण मधे भिंत आहे, किंवा रेल्वेचे रूळ, किंवा आठ पदरी रस्ता. पोराला दीड किलोमीटरचा वळसा पडतो. नकाशा चारशे म्हणतो आणि पाय दीड हजार मोजतात.

चौथी गोष्ट मोजायला सर्वात अवघड, म्हणून अनेकदा ती मोजलीच जात नाही. २००७ मध्ये अमेरिकेत ‘वॉक स्कोअर’ नावाची एक सेवा सुरू झाली. पत्ता टाकला की शून्य ते शंभरमध्ये गुण मिळतात. दुकान, बाग, शाळा पाच मिनिटांच्या अंतरावर असेल तर पूर्ण गुण, अंतर वाढत गेलं की गुण कमी, अर्ध्या तासापलीकडे काहीच नाही. कल्पना चांगली होती. चालणं हा घर निवडताना विचारात घ्यायचा मुद्दा आहे, हे तिने असंख्य लोकांच्या मनावर ठसवलं. पण हे गुण मुख्यतः अंतराचे आहेत. पदपथ आहे का, असला तर त्यावर काय उभं आहे, संध्याकाळी दिवे लागतात का, सावली आहे का, नाकात काय जातं, यातलं बहुतेक त्या आकड्यात येत नाही. त्यामुळे दाट, जुनी, गरीब वस्ती नव्वद गुण मिळवू शकते आणि तरी तिथली आई मुलाचा हात क्षणभर सोडू शकत नाही.

आणि पर्यावरणीय न्याय?

हा शब्द जड वाटतो, पण त्याची गोष्ट रस्त्याच्या कडेलाच सुरू होते. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेलं तेल रात्रीच्या अंधारात टँकरमधून मैलोन्‌मैल रस्त्यांच्या कडेला ओतण्यात आलं. ती दूषित माती खरवडून कुठेतरी पुरायची होती. राज्याने जागा निवडली ती वॉरन काउंटीतली, जिथे बहुसंख्य वस्ती गरीब कृष्णवर्णीयांची होती. १९८२ मध्ये मातीचे ट्रक येऊ लागले तेव्हा लोक त्यांच्यापुढे रस्त्यात आडवे झाले. आठवडेच्या आठवडे निदर्शनं चालली, पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली. माती शेवटी तिथेच पुरली गेली आणि ती जागा साफ व्हायला पुढे वीस वर्षांहून अधिक काळ गेला. पण एक प्रश्न मात्र आता देशभर विचारला जाऊ लागला: नको असलेली प्रत्येक गोष्ट नेमकी आमच्याच दारात का येते?

दुसऱ्या वर्षी अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने त्या भागातल्या चार मोठ्या घातक कचराभूमी तपासल्या. त्यांपैकी तीन कृष्णवर्णीयांचं बहुमत असलेल्या वस्त्यांत निघाल्या. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी ह्यूस्टन शहराबद्दल हेच आधी दाखवलं होतं. लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचा वाटा सुमारे चौथाई, पण शहराच्या मालकीच्या पाचही कचराभूमी त्यांच्या वस्त्यांत. बुलार्ड यांना पुढे पर्यावरणीय न्यायाचे जनक म्हटलं जाऊ लागलं. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी या विषयावर १२८९८ क्रमांकाचा आदेश काढला. सरकारी निर्णयांचा भार गरीब आणि अल्पसंख्याक वस्त्यांवर अवाजवी पडतो का, हे खात्यांनी तपासायचं असा त्याचा आशय होता. तीस वर्षं तो टिकला आणि जानेवारी २०२५ मध्ये रद्द करण्यात आला.

थोडक्यात पर्यावरणीय न्याय तीन गोष्टी विचारतो. फायदे आणि त्रास यांची वाटणी कशी झाली? निर्णय घेताना ज्यांना तो भोगायचा आहे ते लोक खोलीत होते का? आणि त्यांची माणूस म्हणून दखल घेतली गेली का, की ते आराखड्यावरचा एक राखाडी ठिपका होते? पदपथाला हेच तीन प्रश्न विचारून पाहा.

गोड जागा, आंबट जागा

२००९ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात संशोधकांनी दोन नकाशे एकमेकांवर ठेवले. एक चालण्याजोग्या वस्त्यांचा, दुसरा हवेतल्या प्रदूषणाचा. सर्वसाधारणपणे जिथे चालणं सोयीचं, तिथे वाहनांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड जास्त निघाला. यात आश्चर्य नाही. वस्ती दाट, दुकानं रस्त्यालगत आणि त्याच रस्त्यावर इतरांच्या गाड्या. चालायला सोयीचं आणि हवाही चांगली, अशा थोड्या जागा मिळाल्या. संशोधकांनी त्यांना ‘गोड जागा’ म्हटलं. दोन्ही वाईट त्या ‘आंबट जागा’. गोड जागा कुठे होत्या? शहराच्या केंद्राजवळ, पण अगदी केंद्रात नाही. आणि राहणारे लोक मध्यम किंवा वरच्या उत्पन्नाचे.

मला हा अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण चालण्याचा प्रचार करताना आपण सरसकट म्हणतो, चाला, तब्येत सुधारेल. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि रोजच्या कामासाठी चालणं हा त्याचा सर्वात सोपा मार्ग आहे. पण चालणारा माणूस बसलेल्या माणसाच्या दुपटी-तिपटीने हवा आत ओढतो. मोठ्या रस्त्याच्या कडेला धुराचे अतिसूक्ष्म कण सर्वात दाट असतात आणि दोन-तीनशे मीटर आत गेलं की बरेच विरळ होतात. म्हणजे सारं त्या पहिल्या दोनशे मीटरवर अवलंबून. तिथे घरं कोणाची असतात? जिथे भाडं कमी, तिथे राहणाऱ्यांची. आवाज, धूळ, हादरे यांमुळे जागा स्वस्त होते, आणि स्वस्त म्हणून तिथे राहावं लागतं.

मग अशा ठिकाणी चालूच नये का? तसं नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी नेमका हाच हिशेब मांडला. पीएम २.५ हे बारीक कण दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असलेल्या, म्हणजे अतिशय खराब हवेतसुद्धा, चालण्याचा फायदा तोट्याहून मोठा राहतो. तोटा वरचढ व्हायला दिवसाला दहा तासांहून जास्त चालावं लागतं.

या आकड्याने बहुतेक वाचकांना हायसं वाटेल. पण दिवसाचे दहा तास रस्त्यावर कोण असतं याचा विचार करा. रस्ता झाडणारी बाई. हातगाडी ढकलणारा. चौकात उभा राहून वाहतूक हाकणारा पोलीस. सामान पोचवणारा पोरगा. सरासरी माणसाच्या हिशेबात जो धोका ‘क्वचित’ म्हणून बाजूला पडतो, तोच यांचा रोजचा दिवस आहे. बाकीच्यांसाठी रस्ता जाण्या-येण्याची वाट असते, यांच्यासाठी तीच कामाची जागा. पदपथावर बसायला बाक, प्यायला पाणी, डोक्यावर सावली आणि जवळ स्वच्छतागृह हवं, असं कोणी म्हटलं की त्याला सुशोभीकरण म्हणून शेवटच्या पानावर टाकतात. माझ्या मते ती कामगारांची सोय आहे आणि तिची जागा पहिल्या पानावर आहे.

असं आपोआप झालेलं नाही

वाईट वस्ती वाईट का, याचं उत्तर बरेचदा ‘गरिबी’ असं दिलं जातं आणि चर्चा तिथेच थांबते. पण काही ठिकाणी कागद शिल्लक आहेत आणि ते वेगळं सांगतात. १९३० च्या दशकात अमेरिकेत घरकर्जासाठी सरकारी संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा म्हणजे उत्तम, निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे घसरणीला लागलेला आणि लाल म्हणजे धोकादायक. लाल रंग देताना घरांची अवस्था पाहिली, तशीच राहणाऱ्यांची कातडीही पाहिली. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सरसकट लाल झाल्या. तिथे कर्ज मिळेना, म्हणून दुरुस्ती होईना, म्हणून किंमत पडली, आणि किंमत पडली म्हणून पुढची प्रत्येक नको असलेली गोष्ट तिथेच आली. या पद्धतीला ‘रेडलायनिंग’ म्हणतात.

२०२० मध्ये संशोधकांनी अशा १०८ शहरांचं उपग्रहांनी मोजलेलं उन्हाळी तापमान पाहिलं. ९४ टक्के शहरांमध्ये जुन्या लाल वस्त्या इतरांहून तापलेल्या निघाल्या, सरासरी सुमारे २.६ अंश सेल्सियसने. नकाशे काढणारे सगळे आता काळाच्या पडद्याआड गेले, नकाशे कायद्याने निकामी झाले, पण झाडं जिथे लावली नाहीत तिथे ती अजूनही नाहीत. झाड वाढायला तीस-चाळीस वर्षं लागतात. तेव्हा न लावलेल्या झाडाची सावली आज कुठल्याही निधीतून विकत आणता येत नाही. भर उन्हात डांबराचा पृष्ठभाग साठ अंशांपलीकडे जाऊ शकतो. त्या डांबराशेजारून, सावलीविना, बसथांब्यापर्यंतची दहा मिनिटं ही दोन-अडीच अंशांची किंमत शरीराकडून वसूल करतात.

मग महामार्ग आले. १९५६ च्या कायद्यानंतर अमेरिकेने शहरांच्या पोटातून रुंद रस्ते नेले, आणि जमीन जिथे स्वस्त व विरोध जिथे दुबळा तिथून ते गेले. सेंट पॉल शहरातली राँडो ही कृष्णवर्णीयांची भरलेली वस्ती एका महामार्गाने दुभंगली. न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेबोर्न ॲव्हेन्यूवर ओक वृक्षांच्या रांगा होत्या. त्यांच्याखाली लोक बसत, मुलं खेळत. १९६० च्या दशकात ती झाडं तोडली आणि वर उन्नत रस्ता आला. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्याच अंदाजानुसार १९५७ ते १९७७ या वीस वर्षांत महामार्गांसाठी पावणेपाच लाखांहून अधिक कुटुंबं हलवली गेली, म्हणजे दहा लाखांहून जास्त माणसं.

जी हलली नाहीत, त्यांचं काय झालं हेही पाहायला हवं. रस्ता ज्यांच्या दारातून गेला पण घर वाचलं, त्यांना ना भरपाई मिळाली ना कोणी विचारलं. त्यांचं प्रार्थनास्थळ, दुकान, बहिणीचं घर एका दिवसात ‘पलीकडे’ गेलं. कालपर्यंत जे चार मिनिटांवर होतं, तिथे जायला आता भुयारी मार्ग किंवा पूल.

पुलाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण पादचारी पूल बांधला की पादचाऱ्यांचा प्रश्न सुटला असं जगभर मानलं जातं. पुलाखालून उंच ट्रक जायला हवेत, म्हणून पाच-साडेपाच मीटर मोकळी उंची आणि वर पुलाची जाडी, असे सुमारे सहा मीटर. पंधरा सेंटिमीटरची पायरी धरली तर चाळीस पायऱ्या चढायच्या आणि चाळीस उतरायच्या. बाळाची गाडी, चाकाची खुर्ची, गुडघेदुखी, डोक्यावर ओझं, यातलं काहीही असेल तर हा पूल त्या माणसासाठी नाहीच. लिफ्ट बसवली तर ती बंद पडते. आणि रात्री त्या एकाकी पुलावर चढायला बाईमाणूस कचरतं. गाडीत बसलेल्याने ब्रेकवर पाय ठेवायला नको, म्हणून चालणाऱ्याने दुमजली घर चढून उतरायचं, असा हा सौदा आहे. म्हणून लोक दुभाजकावरून उडी मारतात. त्यांना बेशिस्त म्हणण्याआधी एकदा भरलेल्या पिशव्या घेऊन तो पूल चढून पाहावा.

बेशिस्तीचा हा शिक्काही सगळ्यांवर सारखा बसत नाही. अमेरिकेतल्या फर्ग्युसन या छोट्या शहराच्या पोलिसांची केंद्रीय न्याय विभागाने चौकशी केली, तिचा अहवाल २०१५ मध्ये आला. ‘रस्त्यातून चुकीच्या पद्धतीने चालणे’ असा एक गुन्हा तिथे होता. त्याखाली पकडलेल्यांपैकी ९५ टक्के कृष्णवर्णीय होते. लोकसंख्येत त्यांचं प्रमाण ६७ टक्के. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून नियम बदलला: धडक होण्याचा तातडीचा धोका नसेल तर सिग्नल किंवा क्रॉसिंग सोडून रस्ता ओलांडणाऱ्याला पोलीस दंड करत नाहीत.

वेगाची गोष्ट

एक गोष्ट मात्र सर्वत्र तीच आहे, कारण ती भौतिकशास्त्राची आहे. गाडीचा वेग दुप्पट झाला की तिच्यातली गतिज ऊर्जा चौपट होते, आणि धडकेच्या क्षणी ती अंगावर येते. अमेरिकेतल्या अपघातांवरच्या २०११ च्या अभ्यासानुसार ताशी ३७ किलोमीटर वेगाच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता सरासरी १० टक्के असते. ५१ किलोमीटरला ती २५ टक्के होते, ६८ ला निम्मी. वयस्कर माणसाच्या बाबतीत हे आकडे आणखी आधीच गाठले जातात. जिथे माणसं आणि गाड्या एकत्र असतात तिथे वेगमर्यादा ३० ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते यामुळेच.

२०२१ मध्ये जगभर सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यांवर मेली. त्यांपैकी पाचात एकाहून अधिक जण पायी चालणारे होते आणि दहापैकी नऊ मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. आपण त्यांना अपघात म्हणतो. पण रस्ता सरळ, रुंद, अडथळ्याविना आखला की चालक वेग घेणारच, कडेला कुठलीही पाटी लावा. वेग कमी करायचा तर रस्ता अरुंद करावा लागतो, वळणाचा कोन आवळावा लागतो, क्रॉसिंग उचलून पदपथाच्या पातळीवर आणावं लागतं. हे सगळं स्वस्त आहे आणि कसं करायचं हे कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. ज्या वस्तीच्या तक्रारीला वजन असतं, तिथे ते आधी होतं.

सुधारणा झाली, माणसं गेली

समजा, सगळं जमून आलं. रस्ता अरुंद झाला, झाडं लागली, पदपथ रुंद झाले. पुढे काय होतं? घरभाडं वाढतं. ज्यांनी तीस वर्षं धूर खाल्ला, त्यांना हवा स्वच्छ झाली तेव्हा घर सोडावं लागतं.

दक्षिण कोरियातल्या सोल शहराने २००३ मध्ये एक उन्नत महामार्ग पाडून त्याखाली गाडला गेलेला चंगेचन हा ओढा मोकळा केला आणि २००५ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. जगभरचे नगररचनाकार तो पाहायला जातात आणि पाहण्यासारखा तो आहेच. पण महामार्गाच्या सावलीत ज्यांचा धंदा चालायचा त्या फेरीवाल्यांना एका जुन्या क्रीडांगणात हलवलं गेलं, आणि काही वर्षांत ते क्रीडांगणही पाडलं गेलं. ओढ्याकाठची हवा थंड झाली हे खरं आणि त्यांना दोनदा उठावं लागलं हेही खरं.

या भीतीतून काही अभ्यासक म्हणू लागले की सुधारणा ‘पुरेशी हिरवी’ ठेवा, विष काढा, पण झगमगाट नको. न्यूयॉर्कच्या ग्रीनपॉइंट भागाच्या संदर्भात २०१२ मध्ये ही कल्पना मांडली गेली. मला ती अर्धवट पटते. गरिबांनी घर टिकावं म्हणून कमी सावलीत समाधान मानावं, हे काही न्यायाचं म्हणता येणार नाही. मला जास्त आशा बॉस्टनच्या डडली स्ट्रीटकडे पाहून वाटते. १९८० च्या दशकात या वस्तीत हजाराहून अधिक प्लॉट ओस पडले होते आणि बाहेरचे लोक रात्री येऊन तिथे कचरा टाकत. रहिवाशांनी १९८४ मध्ये संघटना बांधली आणि पहिली मोठी मोहीम केली ती याच कचऱ्याविरुद्ध: आमच्या अंगावर घाण टाकू नका. नंतर त्यांनी आराखडा स्वतः केला, आणि १९८८ मध्ये ओसाड जमीन सक्तीने संपादित करण्याचा अधिकार शहराकडून मिळवला, जो तिथे एरवी सरकारकडेच असतो. जमीन एका सामुदायिक न्यासाच्या नावावर राहते, घर कुटुंबाचं असतं, आणि विकताना किंमतीवर मर्यादा असते. त्यामुळे वस्ती सुधारली तरी जमिनीचा भाव लोकांना बाहेर ढकलू शकत नाही. पदपथाच्या आधी पायाखालची जमीन कोणाची हे त्यांनी ठरवून घेतलं.

आधी कोण?

कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९९८ ते २००१ या काळात एन्रिके पेन्यालोसा महापौर होते. त्यांनी पदपथांवर चढणाऱ्या गाड्या अडवायला खांब उभे केले आणि शहराच्या गरीब कडेला एक लांब पादचारी व सायकल मार्ग बांधला. तो बांधला तेव्हा शेजारचा गाड्यांचा रस्ता ठिकठिकाणी कच्चाच होता. माणसांना फरसबंदी, गाड्यांना चिखल. पैसे मर्यादित असतात तेव्हा पहिला हप्ता कोणावर खर्च होतो, त्यातून शहराचं मन कळतं.

स्वीडनमधल्या कार्ल्सकूगा या गावाने बर्फ उपसण्याचा क्रम तपासला. आधी मोठे रस्ते, शेवटी पदपथ, असा तो होता. पण चालणाऱ्यांत बायका जास्त होत्या आणि बर्फावर घसरून जखमी होणाऱ्यांत पायी चालणारे जास्त. थोड्या बर्फातून गाडी जाते, बाळाची गाडी जात नाही. मग गावाने क्रम उलटा केला. बर्फ तेवढाच आणि यंत्रंही तीच, बदलला तो फक्त क्रम.

बर्फ नसलेल्या ठिकाणीही असा क्रम असतोच. खड्डा आधी रस्त्याचा बुजतो की पदपथाचा, दिवा आधी कुठला लागतो, पाणी तुंबलं तर पंप आधी कुठे येतो. हे कुठेतरी एका वेळापत्रकात लिहिलेलं असतं आणि ते मागून घेता येतं.

आपल्या वस्तीचा अंदाज घ्यायला अहवाल लागत नाही, एक तास पुरतो. मोजपट्टी आणि घड्याळ घ्या. सोबत एक म्हातारं माणूस, एक लहान मूल आणि जमल्यास चाकाच्या खुर्चीवरचं कोणी असू द्या, आणि वेग त्यांनी ठरवावा. पदपथाची छापील रुंदी मोजू नका. खांब, झाकणं, उभ्या दुचाक्या सोडून उरलेली मोजा. दोन चाकाच्या खुर्च्या शेजारून जायच्या तर १.८ मीटर लागतात. कुठे कुठे खाली रस्त्यावर उतरावं लागलं ते टिपून ठेवा. बसथांब्यासमोर क्रॉसिंग आहे का पाहा. नसेल तर सर्वात जवळचं किती लांब आहे? अडीचशे मीटर असेल तर जाऊन येऊन अर्धा किलोमीटर झाला, फक्त समोर पोचायला. दुपारी दोन वाजता सलग किती पावलं सावलीत पडतात ती मोजा. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे बहुतेक घरांपुढे गाडी उभी असते अशा वस्तीत जा आणि तीच मोजणी तशीच करा. दोन्ही कागद शेजारी ठेवून पुढच्या अंदाजपत्रकाच्या सुनावणीला न्या, आणि त्या आजींनाही सोबत न्या. सिग्नलवर त्यांना किती सेकंद कमी पडले, ते त्याच सांगतील.